कॉपी केलेला पिंग

नेटवर्किंगच्या जर्नलमधला पहिलाच प्रयोग पिंगचा. पलीकडच्या मशीनला हाक मारायची, ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहायचं. विंडोजवर चार ओळी येतात, आणि आकडा दर वेळी थोडाफार हलतो. आमच्या अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये मात्र चारही आकडे सारखेच होते. सरांनी सह्या केल्या.

कॉपी केलेला प्रोग्राम निदान चालतो तरी. पण मोजमाप लिहिणं म्हणजे 'हे मी पाहिलं' अशी साक्ष. ती खोटी आहे, हे सबमिशनच्या धावपळीत कुणालाच जाणवलं नाही. मलाही.

परवा ऑफिसात न तपासलेल्या कोडपुढे 'टेस्टेड' लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. ते आकडे आठवले रात्री. उठून टेस्ट चालवल्या, दोन फेल. उद्या लीडला सांगायचंय.