दुरीची किंमत

भाषेने एक्क्याला नेहमीच झुकते माप दिले आहे. संस्थेला किंवा घराला हमखास तारून नेणाऱ्या माणसाला आपण ‘हुकमी एक्का’ म्हणतो. ‘हुकमी दुरी’ असे कोणी कोणाला म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि तरीही पत्ते खेळणारा प्रत्येकजण जाणतो, की हुकमाची दुरी परक्या रंगाच्या एक्क्यालाही कापते. मग दुरीची किंमत नेमकी किती, आणि ती ठरवतो कोण? प्रश्न पत्त्यांचा आहे तेवढाच माणसांचाही आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी सतरंजीवर पत्ते पिसले जात असताना तो विचारून पाहायला हरकत नाही.

भोपाळमधल्या मराठी घरांत हा खेळ दोन भाषांत चालतो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतून बदलून आलेल्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. आपला मेंढीकोट शेजारच्या हिंदी घरात ‘दहला पकड’ होतो, दुरीची दुक्की होते. मोठी गंमत हुकमाची. आपला हुकूम तिथे ‘तुरुप’ असतो, आणि तिथला ‘हुकुम’ म्हणजे आपले इस्पिक! उंबरठा ओलांडला की हुकूमसुद्धा बदलतो. सीमेवर राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मेंढीकोटाचा ‘कट हुकूम’ हा प्रकार या दृष्टीने मोठा बोलका आहे. सुरुवातीला हुकूम कोणताच नसतो. उतारीचा रंग ज्याच्या हातात प्रथम संपतो, तो दुसऱ्या रंगाचे पान टाकतो आणि तोच रंग हुकूम होतो. म्हणजे ज्याच्याजवळ काहीतरी नाही, त्याच्याच हाती हुकूम ठरवण्याची सत्ता येते. आणि हे काम तो बहुधा दुरी-तिरीसारख्या लहानशा पानानेच करतो. जाणता खेळाडू अशी पाने उगाच दवडत नाही. कोणता रंग किती उतरला याची आठवण ठेवतो आणि वेळ येईपर्यंत लहान पान जपतो. दुरीचा विजय हा पुष्कळदा जपणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा विजय असतो.

पण लहान-मोठे हे तरी कायमचे कुठे असते? सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ. त्यांच्याखाली मात्र पाच रंगांत दहाचे पान सर्वांत मोठे, तर उरलेल्या पाच रंगांत एकाचे पान मोठे आणि दहाचे सर्वांत धाकटे. पान तेच, पण रंग बदलला की त्याचा मानही बदलतो. ज्यांनी हा खेळ रचला त्यांना जगाची रीत चांगली ठाऊक असावी.

भोपाळच्या इतिहासातही असा एक डाव आहे. १८१९ साली नवाब नजर मुहम्मद खान यांचा अकाली मृत्यू झाला. मागे उरली विशीही न ओलांडलेली विधवा आणि अगदी लहान मुलगी. दरबारी हिशेबात ही दोन्ही पाने दुरी-तिरीच्याच मोलाची. पण त्या कुदसिया बेगमने मुलीच्या नावे कारभार हाती घेतला. मधली थोडी वर्षे सोडली, तर १९२६पर्यंत, चार पिढ्या, भोपाळवर बेगमांचे राज्य होते. शहराची जामा मशीद कुदसियाने बांधवली, आणि ताजुल मसाजिदचे काम तिच्या नातीने, शाहजहान बेगमने, सुरू केले.

येथे मात्र पत्त्याची उपमा तुटते, आणि ती तुटावीच. दुरीला खेळवणारा हात वेगळा असतो. कुदसिया स्वतःच खेळणारी होती. ‘लहान माणसाचाही उपयोग करून घ्यावा’ हे वाक्य ऐकायला उदार वाटते, पण त्यात उपयोग करून घेणारा वर आणि होणारा खालीच राहतो. घरातल्या अबोल सुनेची, कार्यालयातल्या शिपायाची, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाची आठवण आपल्याला नड पडल्यावरच होत असेल, तर ती कदर नव्हे. हात झाला की दुरी पुन्हा पालथी पडते आणि शाबासकी खेळणाऱ्याला मिळते.

शिवाय प्रत्येक दुरीला कापण्याची संधी येतेच असे नाही. दहापैकी नऊ डावांत ती मुकाट्याने कोणाच्या तरी हातात जाते. मग त्या नऊ डावांत ती निरुपयोगी म्हणायची काय? याचे उत्तर पान हरवल्यावर मिळते. एक्कावन्न पानांत चौघांना तेरा-तेरा पाने वाटता येत नाहीत. अशा वेळी घरोघरी जोकरावर पेनाने ‘किलवरची दुरी’ लिहून काम भागवतात. एक्का हरवला तरी हेच करावे लागते. लहान-मोठेपणा डाव सुरू झाल्यानंतरचा. डाव मांडण्यासाठी मात्र बावन्नही पाने सारखीच लागतात.

परप्रांतातल्या आपल्या घरी मराठीचेही असेच झाले आहे. शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी. मग मुलांना मराठीचा ‘उपयोग’ काय, असे पालक विचारतात. उपयोग कदाचित एखाद्या डावात होईल, कदाचित होणारही नाही. पण आजीचे बोलणे, घरातले रुसवे-फुगवे, देवघरातली आरती हे सारे ज्या जोडात बसले आहे, त्यातले हे एक पान आहे. त्याची किंमत ते किती हात मारते यावर ठरवू नये. एकदा हरवले, तर त्याच्या जागी जोकरावर लिहून किती दिवस खेळणार?