लॉची टाच

ॲबरडीनच्या मच्छीमाराचा मुलगा, फुटबॉलपटू डेनिस लॉ. १९६४ मध्ये बॅलन डी’ऑर. १९६८ मध्ये त्याच्या मँचेस्टर युनायटेडने युरोपियन कप जिंकला, तेव्हा गुडघ्यापायी इस्पितळात. मला छळतो तो २७ एप्रिल १९७४. ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर सिटीकडून आपल्याच जुन्या युनायटेडविरुद्ध खेळताना, गोलकडे पाठ असतानाच त्याने टाचेने चेंडू जाळ्यात सारला. सहकारी धावत आले. हा मान खाली घालून चालत राहिला. युनायटेडची खालच्या श्रेणीत घसरण झाली. इतर निकाल पाहता ती टळणारच नव्हती. मग त्याला दुःख कसलं? फळावर आपला अधिकार नाही, हे कीर्तनांतून ऐकत आलोय. मला ते पुरत नाही. कर्तव्य चोख बजावतानाही आपल्याच माणसांवर घाव बसला, तर जीव तुटायलाच हवा. अर्जुन बाण सोडण्याआधी खचला, लॉ सोडल्यावर. दोघांच्याही त्या खचण्याला मी मोह म्हणणार नाही.