प्रसादाचा एक दाणा



गेल्या माघात नवीन जालन्यात एका सप्ताहात आमचे काल्याचे कीर्तन झाले. पंगत बसली. वाढप्याने आमच्या पानात ओंजळभर बुंदी टाकायला हात पुढे केला आणि आम्ही हात आडवा धरला. शेजारचे एक म्हातारबाबा म्हणाले, “महाराज, प्रसादाला नाही म्हणू नये.”

त्यांना काय सांगावे? आमचे एक टाळकरी, चाळीस वर्षांचे सोबती, मधुमेहाने पाऊल गमावून बसले आहेत. पंढरीची वाट तुडवलेले ते पाऊल! त्यांनी पंगतीत कधी ‘पुरे’ म्हटले नाही. आणि आग्रह करकरून वाढणाऱ्यांत आम्हीही होतो. हे आता उघड बोललेच पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे सतरा नियम सांगितले. देशातल्या एकूण रोगांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे चुकीच्या आहाराचे, असा तिचा अंदाज आहे. ती म्हणते, अर्धे ताट भाज्या नि फळांचे असावे. धान्याबरोबर डाळ, दूध असावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपलीकडे नको. साखर, तेल बेताने. फळ खावे, रसापेक्षा ते बरे. आपल्या जालन्याची मोसंबी घरात असता रसवंतीत साखर घातलेला पेला कशाला?

यात नवे ते काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आपण मात्र एकादशीला साबुदाण्याचे वडे नि बटाट्याच्या तळणीने दुप्पट पोट भरतो आणि त्याला उपवास म्हणतो! भगर, राजगिरा, ताक, एखादे फळ, एवढ्यावर एकादशी गोड होते. मधुमेहाचे औषध चालू असेल त्याने मात्र डॉक्टरला विचारल्यावाचून उपाशी राहू नये.

राहिला प्रसाद. अहो, काला तळहातावर एकच घास मिळतो. कुणी परात मागतो काय? प्रसाद भावाने मोजायचा, वजनाने नव्हे.

त्या दिवशी आम्ही बुंदीचा एक दाणा उचलला, मस्तकी लावला, मुखात घातला. म्हातारबाबा हसले नि म्हणाले, “मलाबी एकच दे रे बाबा, मलाबी साखर हाय.”

असो. देह आहे तोवर वारी आहे. सप्ताह करणाऱ्यांनो, यंदा पंगतीत ज्वारीची भाकरी, वरण नि पालेभाजी पोटभर वाढा. गोडाचा आग्रह सोडा.

रामकृष्णहरि!