ही ओळ कधी चालणार?

"सगळ्या टेस्ट पास झाल्यात सर, मग तुम्ही अजून काय वाचत बसलाय?" असं आमचा एक तरुण सहकारी परवा म्हणाला. समोर लिनक्स कर्नलच्या कालमापनातला डझनभर ओळींचा एक पॅच होता. प्रश्नात उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणूनच तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

संगणकातलं घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं, कर्नल ती मोजतो आणि त्यांचे सेकंद करतो, हे सांगायला नको. माझं लक्ष असतं ते पुढच्या एका भेदाकडे. 'आत्ता किती वाजले' हा एक प्रश्न आणि 'मघापासून किती वेळ गेला' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माणसांनी आपसांत ठरवलेलं असतं, त्यामुळे गरज पडली तर ते मागेही घेता येतं. दुसऱ्याचं उत्तर कधीच मागे जात नाही. कर्नल यासाठी दोन घड्याळं ठेवतो, रिअलटाइम आणि मोनोटॉनिक, आणि दोघांमधलं अंतर एका आकड्यात जपतो. प्रोग्रामरनं चुकीचं घड्याळ निवडलं तरी वर्षानुवर्षं काहीच बिघडत नाही, कारण एरवी दोन्ही एकाच चालीनं पुढे जात असतात. दोघांची फारकत होते तो क्षण क्वचित येतो, आणि तो आल्याशिवाय चूक दिसत नाही.

३० जून २०१२ च्या मध्यरात्री तो क्षण आला. ग्रिनिचला मध्यरात्र होती, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या रविवारची पहाट, साडेपाचच्या टोकावर. पृथ्वीच्या फिरण्याशी अणुघड्याळांचा मेळ राहावा म्हणून त्या वेळी एक लीप सेकंद वाढवला गेला. १९७२ पासून असे सत्तावीस सेकंद वाढवले गेले आहेत. कर्नलनं नियमाप्रमाणे रिअलटाइम घड्याळ एक सेकंद मागे घेतलं. पण दोन घड्याळांमधल्या अंतराची एक नक्कल टायमर सांभाळणाऱ्या भागाकडेही असते, आणि अंतर बदलल्याचं त्या भागाला कोणी कळवलं नाही. तो एक सेकंद पुढेच राहिला. अर्ध्या सेकंदानं उठायचं म्हणून झोपलेला प्रोग्राम तत्क्षणी जागा होई, घड्याळ पाही, वेळ झालेली नाही म्हणून पुन्हा झोपे आणि लगेच पुन्हा उठे. जगभरचे अनेक सर्व्हर या चक्रात पूर्ण ताकदीनिशी फिरत राहिले. रेडिटसारखी मोठी संकेतस्थळं आडवी झाली. उपाय मात्र एका ओळीचा निघाला: यंत्रावर जी तारीख-वेळ आहे तीच पुन्हा लावायची. तेवढ्यानं टायमरला निरोप जाई आणि सगळं शांत होई.

तो निरोप लीप सेकंदाच्या वेळी का गेला नाही, याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. निरोप देणारी ओळ आधी तिथे होती. २००७ मध्ये ती काढून टाकली गेली, कारण ज्या अवस्थेत लीप सेकंद लावला जातो त्या अवस्थेत ती चालवली तर कर्नल जागीच अडकून पडू शकत होता. कारण अगदी खरं होतं आणि बदलही नेमका होता. मध्ये, २००८ च्या अखेरीस, एक लीप सेकंद येऊन गेला. तेव्हा वेगळीच चूक वर आली होती: घड्याळाचं कुलूप हातात धरून कर्नल संदेश छापायला गेला आणि काही यंत्रं अडकली.

हे सगळं मी सहकाऱ्याला मोठ्या आवेशानं सांगितलं. माझा मुद्दा असा की टेस्ट आजचा दिवस तपासते आणि वाचणारा माणूस न आलेला दिवस तपासू शकतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण २००७ चा बदलही कोणीतरी वाचूनच आत घेतला असेल ना?"

याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. जाणत्या माणसांनी योग्य कारण वाचलं, योग्य निर्णय घेतला आणि तरीही पाच वर्षांनी पुढचं घडलं. डोळ्यांवर माझा जेवढा भरवसा आहे तेवढा हा प्रसंग ठेवू देत नाही. माणूस समोर असलेली ओळ वाचतो. काढलेल्या ओळीवर दुसरं कोण अवलंबून होतं, हे त्याला पानावर दिसत नाही.

इथे थोडं आडवाटेला जातो. आपल्या पंचांगात अधिकमास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना तो ठाऊक असतो, जावयाला अनारसे कधी द्यायचे यात कोणाचा घोळ होत नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या काही घरांत कधीकधी गणपती महिनाभर आधी बसतो, तोही वाद आता सवयीचा झाला आहे. याउलट क्षयमास एकोणीस किंवा एकशे एकेचाळीस वर्षांच्या अंतरानं येतो, आणि तो आला की कोणता महिना गाळायचा, सण कुठे धरायचे यावर पंचांगकर्त्यांतच एकमत होत नाही. गणित दोन्हींचं सारखंच पक्कं असतं. पण एका नियमाचा सराव पिढ्यांनी केलेला असतो आणि दुसऱ्याची गाठ आयुष्यात एखाद्याच वेळी पडते.

कर्नलमध्येही हे ओळखणारी माणसं होऊन गेली आहेत. जिफी नावाचा एक आकडा ठरावीक ठोक्यांनी वाढत जातो. सेकंदाला हजार ठोके धरले तर बत्तीस बिटांत तो एकोणपन्नास दिवसांहून थोडा जास्त टिकतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ अशाच एका आकड्यामुळे तेवढ्या दिवसांनी गोठत असे. लिनक्समध्ये हा आकडा मुद्दाम उलटण्याच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू होतो. दीड महिन्यानं येणारी आपत्ती प्रत्येक यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांत येते, आणि ड्रायव्हरमधली चुकीची तुलना लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडी पडते. २०१२ नंतर जॉन स्टुल्त्झ या कर्नल प्रोग्रामरची रोज मध्यरात्री लीप सेकंद घडवून आणणारी टेस्टही कर्नलच्या संचात आली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची बाजू घ्यायला मी बसलो होतो, पण या दोन उदाहरणांपुढे मला सहकाऱ्याकडे सरकावं लागतं. क्वचित येणारी वेळ रोजची करून टाकणं हे कुशाग्र वाचनापेक्षा मोठं काम आहे.

तरी मी पूर्ण त्याच्या बाजूला जात नाही. पाच मिनिटांची ती युक्ती टेस्टला सुचलेली नाही. 'ही ओळ कधी चालणार' असं कोणीतरी विचारलं, तेव्हा ती आली. पॅच हाती आला की 'हे बरोबर आहे का' यापेक्षा हाच प्रश्न मी आधी विचारतो, आणि उत्तर 'कधीतरी' असेल तर ती ओळ आज चालवून दाखवण्याची सोय मागतो. सोय नसेल तर बदल कितीही सुबक असो, मी होकार देणार नाही. कर्नलमध्ये लीप सेकंद वजा करण्याचाही कोड आहे. जगानं आजवर एकही सेकंद वजा केलेला नाही, आणि अलीकडे पृथ्वी किंचित वेगानं फिरू लागल्यामुळे ती वेळ येईल अशी चर्चा मात्र आहे. त्या ओळींकडे मला निर्धास्तपणे पाहता येत नाही.

लीप सेकंद ही कटकट आहे, ती काढून टाका, असं संगणकवाल्यांचं जुनं म्हणणं. आकाशाशी घड्याळाचं नातं राहावं म्हणून मला तो हवासा वाटे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलं की २०३५ पर्यंत पृथ्वी आणि अणुघड्याळ यांच्यातल्या अंतराची मर्यादा वाढवायची. सेकंदाऐवजी पूर्ण मिनिटाची भर घालावी, असा एक विचार चर्चेत आहे. ती वेळ पन्नास-शंभर वर्षांनी एकदा येईल. आता माझ्याच युक्तिवादानं मला याच्या विरोधात उभं राहावं लागतं. सत्तावीस वेळा घातलेला सेकंद आपल्याला धड जमला नाही, तर ज्याचा कोड लिहिणारा, वाचणारा आणि सांभाळणारा कोणीच हयात नसेल असं मिनिट कसं जमेल? दुरुस्ती करायची तर ती वरचेवर व्हावी. दर महिन्याला थोडी झाली तरी मला चालेल. नाहीतर अंतर वाढू द्यावं, आणि सूर्य माथ्यावर येण्याची वेळ काही शतकांत सरकली तर सरकू द्यावी. आकाशाशी असलेलं नातं सोडायला मी तयार होईन असं हा प्रश्न डोक्यात घेतला तेव्हा वाटलं नव्हतं, पण शंभर वर्षांतून एकदा चालणारी ओळ कोणी माझ्यापुढे ठेवली तर मी ती परत पाठवीन.