उंबराचे फूल

जो पाहुणा वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही, त्यास 'उंबराचे फूल' म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. उंबरास फूल येतच नाही, किंवा आलेच तर ते मध्यरात्री उमलते व भाग्यवंतासच दिसते, अशीही पुष्कळांची समजूत आहे. परंतु कोवळे हिरवे उंबर चिरून पाहावे, म्हणजे आतल्या बाजूस शेकडो बारीक फुले दाटलेली दिसतील. देठाच्या विरुद्ध टोकास एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. शिरताना तिचे पंखही गळून पडतात. बरोबर आणलेला पराग ती फुलांस लावते, तेथेच अंडी घालते व तेथेच मरते. तिच्या पोटच्या माद्या पुढे नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबरांकडे उडून जातात. हे सर्व कोणाच्या नजरेस येत नाही. खोडास लगडलेले तांबडे फळ मात्र सर्वांस दिसते, आणि पाखरे व मुले ते खातात.

यावरून एक जुना प्रश्न आमच्या मनात येतो. सत्कृत्य लपवावे की दाखवावे? डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दोन्ही आज्ञा दिल्या आहेत. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात तो शिष्यांस आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्यावयास सांगतो. ६ व्या अध्यायात दानधर्म गुप्तपणे करावयास सांगतो. मग आम्ही कोणती आज्ञा पाळावी?

आम्हांस वाटते की, या दोन आज्ञा दोन वेगळ्या रोगांवरील औषधे आहेत. एक रोग मानाच्या हावेचा, दुसरा भयाचा. मंडळीत वर्गणीची यादी वाचली जात असता आपले नाव केव्हा येते याकडे कान लागून राहिला, तर तेथे पहिला रोग आहे. अशाने आपले दान झाकावे. उलट, बाजारात चार ओळखीची माणसे भेटली असता आपण ख्रिस्ती आहो हे सांगावयास जीभ अडखळते, आणि मनुष्य स्वतःची समजूत घालतो की, भक्ती ही गुप्तच बरी. तेथे नम्रता नाही, भय आहे. अशाने आपला दिवा मापाखालून काढावा.

हे भय आम्ही क्षुल्लक मानत नाही. ज्याची मजुरी, पाणी व सोयरीक गावाच्या हाती आहे, त्याचे दुःख गावाबाहेर राहणाऱ्याने हलके लेखू नये. अरिमथाईकर योसेफही भयास्तव गुप्त शिष्य होता. तरी ज्या दिवशी येशूचे नाव घेणे सर्वांत धोक्याचे होते, त्याच दिवशी त्याने पिलाताकडे जाऊन प्रभूचे शरीर मागितले. प्रभूने त्याची वाट पाहिली. तो आमचीही पाहील.

जक्कयाचे उदाहरणही पाहा. यरीहोत तो ज्या झाडावर चढला, ते आपल्या उंबराच्याच कुळातील. खाली उतरल्यावर त्याने अर्धे द्रव्य गरिबांस देण्याचे व लुबाडलेले चौपट परत करण्याचे सर्वांदेखत सांगितले, आणि प्रभूने त्यास थांबविले नाही. कारण ते बोलणे बढाईचे नव्हते. ज्यांचे बुडविले होते त्यांस ते ऐकणे अगत्याचे होते.

तेव्हा, बंधुभगिनींनो, संशय पडेल तेव्हा आपल्या मनास हेच विचारावे : हे लोकांस कळले तर मला काय मिळेल? स्तुती मिळणार असेल, तर गप्प राहावे. निंदा मिळणार असेल, तर पुढे यावे. आणि शेजाऱ्यास त्याचा उपयोग होणार असेल, तर आपला विचार बाजूस ठेवून ते त्याच्यापुढे ठेवावे. उंबर आपले फूल कोणास दाखवीत नाही, पण फळ कोणापासून लपवीतही नाही.