टेकडीचा भाव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूर, चिखली, मेहकर या पट्ट्यातून पुण्याला गेलेली पोरं सुरुवातीची वर्षं वाकड-हिंजवडीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये काढतात. मग नोकरीत जम बसतो, लग्न होतं, आणि घर बघणं सुरू होतं. त्या शोधात कधीतरी 'टेकडी फेसिंग' फ्लॅट समोर येतो. बाणेर, पाषाण, बावधन, कोथरूड, सहकारनगर. एकाच इमारतीत रस्त्याकडच्या फ्लॅटचा भाव वेगळा आणि टेकडीकडच्याचा वेगळा, आणि मजला चढेल तसा वर 'फ्लोअर राइज' आणखी. माहितीपत्रकात मोर असतो, धुकं असतं, गॅलरीत चहाचा कप असतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने असाच फ्लॅट पसंत केला आणि फोनवर विचारलं, "काका, व्ह्यूसाठी एवढे जास्तीचे द्यावेत का?"

द्यावेत की नाही हे ज्याच्या त्याच्या खिशावर. मला प्रश्न पडला तो वेगळाच: ते जास्तीचे पैसे जातात कुणाला?

बिल्डरला जातात, हे उघड आहे. पण बिल्डरने टेकडी बांधलेली नाही. खिडकीतून जे दिसतं ते त्याच्या सातबाऱ्यावरही नाही. पुण्याच्या टेकड्यांचा काही भाग वनखात्याचा, काही सरकारी, आणि बराचसा जुन्या गावांतल्या शेतकऱ्यांचा. वरची जमीन खडकाळ. ती गवताला आणि गुरांना ठेवलेली. 1997 साली 23 गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवायचं ठरलं. 'बीडीपी' म्हणतात ते हेच. माजी महापौर वंदना चव्हाण आणि त्यांच्याबरोबर असंख्य पुणेकर त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. 2015 मध्ये राज्य सरकारने आरक्षणावर शिक्कामोर्तब केलं आणि जमीनमालकाला मोबदला ठरवला 8 टक्के टीडीआर. म्हणजे शंभर गुंठे गेले तर आठ गुंठ्यांएवढ्या बांधकामाचा हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा.

मी त्या आरक्षणाच्या बाजूचा आहे. टेकड्या मोकळ्या राहायलाच हव्यात. पण हिशोब नीट बघा. पायथ्याच्या जमिनीवर टॉवर उभा राहिला. वरच्या जमिनीवर बंदी आली. वरच्या बंदीमुळेच खालच्या टॉवरला भाव आला, कारण समोर आता कधीच काही उभं राहणार नाही याची कायद्याने हमी दिली. एकाच्या हातापायात बेडी पडली आणि शेजाऱ्याच्या फ्लॅटची किंमत वाढली. जास्तीच्या पैशांतला एक रुपयाही वरच्या मालकाकडे गेला नाही. तरी सकाळी फिरायला जाणारा माणूस त्या मालकाने कुंपण घातलेलं बघून 'लोभी' म्हणतो. म्हणणारा आपल्या गॅलरीतून खाली उतरूनच आलेला असतो.

हे बोलणं टेकडी वाचवणाऱ्यांच्या विरोधात नाही. वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. तिच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा घाट महापालिकेने कित्येक वर्षं घातला आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. या रस्त्याने ज्यांची कोंडी सुटेल असं सांगितलं जातं, ती विधी महाविद्यालय रस्त्यावर रोज धूर खाणारी माणसं मात्र विचारतात, आमच्या फुप्फुसांचं काय? दोन्ही बाजूंना टेकडी आवडते. मला विचाराल तर रस्ता होऊ नये, कारण रस्ता वाहनांनी भरायला दोन-चार वर्षं पुरतात आणि फोडलेली टेकडी परत येत नाही. पण ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्याने हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावं.

गावाकडे एसटीत हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो. स्टँडवर दाराला लोंबकळणारा माणूस ओरडतो, "सरका की आत, जागा आहे!" आत शिरला, पाय टेकले की तोच कंडक्टरला सांगतो, "आता भरू नका, घंटी द्या." टेकडीखाली राहायला आलेल्यांचं पुष्कळदा असंच होतं. आपली इमारत होती तोवर विकास, पुढची आली की विनाश. पुढची इमारत थांबवायलाच हवी असेल तर थांबवा. फक्त आपलं वजनही गाडीत आहे, एवढं मोजा.

आता पाण्याकडे वळू, कारण टेकडीचं खरं काम देखावा देणं नाही. पाऊस अंगावर घ्यायचा, गवताच्या मुळांत आणि खडकाच्या भेगांत मुरवायचा आणि ओढ्यातून सावकाश सोडायचा, हे तिचं काम. उतार पाच फुटांना एक फुटापेक्षा जास्त असेल तिथे बांधकाम नको, हा नियम त्यासाठी आहे. 6 जून 2013 ला कात्रज घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ काय झालं ते आठवा. डोंगर फोडून सपाट केलेला, नाला बुजवलेला. एका सरीत सगळं पाणी पुणे-सातारा महामार्गावर आलं आणि गाडीतल्या आई-मुलीला घेऊन गेलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा फुगला. पुणे आणि आसपास मिळून 20 हून अधिक जीव गेले. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. उतारावर ज्यांनी कुणी काँक्रीट ओतलं, ते त्या रात्री बहुधा कोरडे झोपले होते. पाणी खालच्याच्या घरात शिरलं.

टेकडीवर राहणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. पर्वती-तळजईच्या एकाच डोंगराला एकीकडे फिरायला जायचं वन आहे, दुसऱ्या उतारावर जनता वसाहत. मुंबईत मलबार हिल ही टेकडी, आणि घाटकोपरच्या आझाद नगरचा उतार हीसुद्धा टेकडीच. जुलै 2000 मध्ये त्या उतारावरून दरड आली आणि 70 हून अधिक माणसं झोपड्यांसकट गाडली गेली. ऑगस्ट 2020 मध्ये मलबार हिलवरही दरड कोसळली. तिथे आधी रस्ता बंद झाला, मग भिंत बांधली गेली. उतार तोच, पाऊस तोच. फरक होता तो भिंत कुणासाठी आणि किती लवकर बांधायची याचा.

आमच्या जोडप्याला मी एवढंच सुचवलं की बिल्डरला दोन-तीन गोष्टी विचारा. इमारतीखालून ओढा जायचा का, आणि आता तो कुठून जातो? टेकडीवर जायची जुनी पायवाट सोसायटीच्या भिंतीने अडवली आहे का? आमच्या गावाकडे ई-क्लास जमिनीतून, म्हणजे सरकारी चराईच्या रानातून, जाणारी वाट कुणी अडवली तर ग्रामसभेत आरडाओरडा होतो. आमच्या गावातल्या देवीच्या टेकडीवर जाणाऱ्याला तू कुठल्या आळीतला, असं कुणी विचारणार नाही. शहरात मात्र फाटकावरचा रखवालदार शेळ्या घेऊन आलेल्या बाईला हटकतो आणि धावायचे बूट घातलेल्याला सलाम करतो. वेताळाच्या ठाण्याला नारळ घेऊन जाणारी माणसं त्या इमारतींच्या आधीची आहेत.

त्यांनी विचारलं. ओढ्याचा प्रश्न आला तेव्हा विक्री कार्यालयातल्या मुलाने पोहण्याचा तलाव दाखवला म्हणे. तरी त्यांनी फ्लॅट घेतला. घेऊ नका असं मी म्हणालो नव्हतो. चांगली हवा, मोकळं आकाश लेकराबाळांसाठी कुणाला नको असतं?

माझ्या डोक्यात एक वेडगळ कल्पना आहे, ती त्यांना सांगून झाली आहे. व्ह्यूसाठी जे जास्तीचे घेतले जातात, त्यातला ठरावीक भाग वरच्या जमीनमालकांच्या मोबदल्यासाठी आणि ओढे मोकळे ठेवण्यासाठी महापालिकेकडे जमा व्हावा. जो बघतो त्याने थोडं भरावं. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एखाद्या सोसायटीने आपणहून सुरुवात करावी, पावसाळ्याआधी आपल्या हद्दीतला नाला स्वखर्चाने उपसावा, पायवाटेचं फाटक उघडं ठेवावं. आमच्या जोडप्यातल्या सूनबाईंना हे पटलं. वार्षिक सभेत विषय मांडते म्हणाल्या. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, हा विषय पहिला होता, आणि सभा त्यावरच संपली.