अर्धी हजेरी

गेल्या जुलैत मी घरामागच्या पायरीवरून पडलो. कारण हसण्यासारखंच आहे. मालवणच्या आमच्या घरात मोबाईलला नीट रेंज एकाच ठिकाणी मिळते : विहिरीकडे उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर. पावसाळ्यात या दगडावर शेवाळ धरतं, हे लहानपणापासून माहीत आहे. तरी पुण्याच्या ऑफिसचा सकाळचा कॉल चुकू नये म्हणून मी एका हातात फोन आणि एका हातात छत्री घेऊन तिथे गेलो आणि पायरीच्या कडेवर पाठीच्या खालच्या भागावर आपटलो.

मला पडताना कुणी पाहिलं नाही. आई स्वयंपाकघरात होती आणि पावसाच्या आवाजात माझी हाक तिला ऐकू गेली नाही. कॉलवरच्या लोकांना वाटलं, याचं नेटवर्क गेलं.

डॉक्टरांनी तपासलं. पायात ताकद आहे का, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय का, लघवीवर ताबा आहे ना, असे प्रश्न विचारले. यातलं काहीही असेल तर एक तासही न थांबता मोठ्या हॉस्पिटलात जायचं, हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही लक्षात ठेवा. हाड मोडलेलं नाही, हे एक्स-रेमध्ये दिसलं. स्नायूंना मार बसलाय, आत सूज आहे, काही आठवड्यांत उतरेल, एमआरआयची आत्ता गरज नाही, असं ते म्हणाले.

गरज माझ्या पाठीला नव्हती, ऑफिसला होती. मॅनेजर चांगला माणूस आहे, पण त्याचा पहिला प्रश्न होता, "काही रिपोर्ट वगैरे आहे का?" म्हणून मी गाडीत आडवा पडून गेलो आणि एमआरआय करून घेतला. रिपोर्टात एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली चकती थोडी फुगल्याचं लिहिलं होतं. तो कागद मेल केला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं : काळजी घे, तीन आठवडे हलकं काम कर, पगाराची चिंता नको.

डॉक्टरांनी मात्र तो कागद पाहून खांदे उडवले. ही चकती तुझ्या पडण्याआधीही अशीच असू शकेल, म्हणाले. मी इंजिनिअर, घरी येऊन शोधत बसलो. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्याच्या स्कॅनची आकडेवारी एकत्र केली होती. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये दिसली. यांच्यापैकी कुणाचंच काही दुखत नव्हतं.

म्हणजे ज्या कागदामुळे माझ्यावर विश्वास ठेवला गेला, त्या कागदाने माझं दुखणं सिद्ध होतच नव्हतं. त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की मला असा कागद मिळवणं परवडतं.

हे कळल्यावर हसू यायला हवं होतं. पण मला तात्या आठवले.

आमची आचऱ्याच्या वाटेवर थोडी आंब्याची झाडं आहेत. तात्या गेली अनेक वर्षं हंगामात आमच्याकडे कामाला येतात. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी सुट्टी घेऊन घरी आलो होतो. पाऊस तोंडावर आलेला, आंबा उतरवायची घाई. बाबांचा वहीतला हिशोब मी एक्सेलमध्ये आणला होता आणि त्याचा मला अभिमान होता. एक दिवस अकराच्या सुमाराला तात्या झेला बाजूला ठेवून पालथ्या क्रेटवर बसले. म्हणाले, "कंबर धरली रे. काल कातळावर पाय सरकलो, क्रेट होतो हातात." आदल्या दिवशी त्यांना पडताना कुणी पाहिलं नव्हतं. मी बाबांना हळूच म्हणालो, "निमित्त असेल. काल तर काही बोलले नाहीत." आणि त्यांच्या नावापुढे हजेरीच्या रकान्यात ०.५ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आले आणि दिवसभर क्रेट उचलत राहिले. मला तेव्हा वाटलं, बघा, माझं बरोबर होतं.

माझ्या पडण्यात आणि तात्यांच्या पडण्यात फरक शोधायचा मी आडव्या आडव्या खूप प्रयत्न केला. दोघेही कामावर पडलो. दोघांनाही कुणी पाहिलं नाही. दोघांच्याही पाठीवर बाहेरून काही दिसत नव्हतं. सुजेची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत : लाली, फुगवटा, उष्णता आणि वेदना. पहिली तीन दुसऱ्याला दिसतात किंवा हात लावून कळतात. चौथं ज्याचं त्यालाच कळतं. घोटा मुरगळला तर चारही असतात, म्हणून लंगडणाऱ्याला आपण लगेच खुर्ची देतो. पाठीच्या खोल स्नायूंत सूज आली की वरची कातडी जशीच्या तशी असते. पहिले तिन्ही साक्षीदार गैरहजर, आणि चौथ्याचं म्हणणं कुणी धरत नाही.

एलेन स्कॅरी या अभ्यासिकेचं वेदनेवर १९८५ सालचं एक पुस्तक आहे. तिचा एक मुद्दा मला पटला : ज्याला दुखतं त्याच्यासाठी वेदनेइतकी खात्रीची गोष्ट दुसरी नसते, आणि ऐकणाऱ्यासाठी तिच्याइतकी संशयाची गोष्ट दुसरी नसते. मे महिन्यात मी ऐकणारा होतो आणि जुलैत दुखणारा. मधल्या काळात माझ्या ज्ञानात काहीच भर पडली नव्हती. फक्त जागा बदलली होती.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो माझाच आहे. प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवला तर खोटं बोलणाऱ्यांचं फावेल. कामचुकार असतातच. मीसुद्धा कॉलेजात पोटदुखीच्या नावावर प्रॅक्टिकल बुडवलं आहे. मग पुरावा मागण्यात चूक काय?

माझ्या कामातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. सर्व्हर बिघडला की इशारा देणारी यंत्रणा आम्ही बसवतो. ती दोन प्रकारे चुकते. काही झालेलं नसताना बोंब मारते, किंवा खरंच आग लागलेली असताना गप्प बसते. दोन्ही चुका शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते. तेव्हा आम्ही विचारतो, कुठली चूक जास्त महागात पडेल, आणि कुणाला? तात्या खोटं बोलत असते आणि मी विश्वास ठेवला असता, तर आमची अर्धी मजुरी गेली असती. ते खरं बोलत होते आणि मी विश्वास ठेवला नाही, तर त्यांची पाठ गेली. पहिली चूक आम्हाला परवडणारी होती. दुसरी त्यांना परवडणारी नव्हती. आणि निवड मात्र आमच्या हातात होती.

तात्यांना आजारपणाची रजा नाही. बसले तर मजुरी जाते, एवढाच त्यांचा नियम आहे. अशा माणसाने उन्हातून उठून खोटं बसायचं, तर त्यासाठी तो स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो. मला तर रजेत पूर्ण पगार होता. म्हणजे हिशोबानेच पाहिलं तर खोटं बोलण्याचा मोह मला जास्त होता, आणि संशय त्यांच्यावर घेतला गेला.

आपल्याकडे वेदना सहन करणाऱ्याचं फार कौतुक आहे. बाबा अजून सांगतात : जानेवारी १९९९, चेन्नई, समोर पाकिस्तान, २७१ धावांचं लक्ष्य, पाठ धरलेली आणि सचिनच्या १३६. भारत १२ धावांनी हरला. ती खेळी मीही अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो. पण कौतुकाचीच नंतर मोजपट्टी होते. दुखत असूनही जो उभा राहतो त्याचं दुखणं खरं, आणि जो बसतो त्याचं निमित्त, असं आपण ठरवून टाकतो. सचिनची वेदना लाखोंनी कॅमेऱ्यातून पाहिली. तात्या दुसऱ्या दिवशी उभे राहिले, तेव्हा तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरलं. म्हणजे बसलं तरी खोटं, उठलं तरी खोटं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांमध्ये एक साधी गोष्ट सांगितली आहे : माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याच्या सांगण्याचा आदर व्हायला हवा. मला आधी हे भाबडं वाटलं. आता वाटतं, ज्या गोष्टीचा दुसरा कुठलाच खात्रीचा पुरावा नाही, तिथे शब्द मानणं हाच व्यवहार आहे. विश्वास ठेवणं म्हणजे उपकार नव्हे. तपासायला सुरुवात कुठून करायची, तर त्या शब्दापासून.

माझी पाठ कशी बरी झाली तेही सांगतो, कारण त्यातही हाच धडा होता. मार बसला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी गोळा होतात, दुरुस्ती सुरू होते. त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं नसांची टोकं इतकी हळवी करतात, की साधं वाकणंही दुखतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या ही रसायनं तयार होणं कमी करतात. पण तीच रसायनं पोटाचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदत करतात. म्हणून गोळ्या जेवणानंतर, थोडेच दिवस, डॉक्टरांना विचारून. बर्फाचंही तसंच. दुखापतीवर विश्रांती आणि बर्फ हे सूत्र गेब मर्किन या डॉक्टरने १९७८ साली रूढ केलं, आणि २०१४ साली त्यानेच कबूल केलं, की बर्फामुळे भरून यायला उशीर लागू शकतो. मी पहिले दोन दिवस बर्फ लावला, मग आईचा गरम पाण्याचा शेक. खरा फरक पडला तो चालण्याने. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा १९९५ चा एक अभ्यास आहे : पाठ धरलेल्यांपैकी काहींना अंथरुणात विश्रांती दिली, काहींना पाठीचे व्यायाम, आणि काहींना सोसेल तेवढे रोजचे व्यवहार करायला सांगितले. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. मीही चिवला बीचवर, पाऊस थांबला की, रोज थोडं थोडं चाललो.

"सोसेल तेवढं" यातली मेख लक्षात घ्या. किती सोसतं हे मी ठरवत होतो. दुखलं की थांबत होतो, आणि थांबलो म्हणून माझा पगार कापला जात नव्हता. तात्यांनाही हालचाल भरपूर मिळाली होती, पण क्रेट किती उचलायचे ते मी ठरवलेलं होतं. शरीराला हालचाल एकच वाटते असं नाही. थांबायची मुभा असलेली हालचाल औषध होते, नसलेली, दुखापत.

ऑगस्टच्या मध्यावर मी तात्यांकडे गेलो. अर्ध्या दिवसाची मजुरी आणि दुसऱ्या दिवशीची वेगळी भरपाई असं पाकिटात घातलं होतं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण माझ्याआधी तेच बोलले. "तू पडलस म्हणान ऐकलंय. निजान ऱ्हव नको हां, आखडतलस. तेल लाव आणि चालत ऱ्हव." मी म्हणालो, "तात्या, मे महिन्यात मी तुमची अर्धी हजेरी लावली. चुकलं माझं." त्यांनी पाकीट घेतलं, पैसे मोजले, खिशात ठेवले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्याकडे त्या गोळ्यो असत तर दी चार."

मी गोळ्या दिल्या नाहीत. त्यांना रक्तदाब आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय? तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "आंबे काढूच्या टायमापासून."

अकरा आठवडे झाले होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. कुठलाही कागद मागितला नाही.